मशीन नंबर चौदाची रजा

मी एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. घड्याळ सांभाळणं हे काही माझं काम नव्हतं. ते भिंतीवर होतं आणि स्वतःच्या मर्जीने चालत असे. मी सांभाळायचो माणसांची हजेरी: कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, आणि दिलेलं कारण खरं मानायचं की समजून घ्यायचं. वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका काजूच्या कारखान्यात, फाटकालगतच्या खोलीतल्या खिडकीशी बसून मी हे केलं. संपादकांनी ‘तरुणांना प्रेरणा मिळेल असं काही लिहा’ म्हणून कळवलं आहे. तसलं माझ्याकडे काही नाही. एका रजेच्या अर्जाची हकिगत आहे. तरुणांना त्यातून प्रेरणा मिळाली, तर तो त्यांचा दोष.

आधी धंदा समजून घ्या. काजूची बी वाफवतात, सुकवतात आणि मग फोडतात. फोडायचं मशीन पूर्वी पायाने चालायचं आणि त्यावर दोघी समोरासमोर बसत. एक पाय दाबून बी कापी, दुसरी टोकदार सुरीने आतला गर काढी. गर अख्खा निघाला तर तो काजू, नाहीतर तुकडा. दोघींचा ताल जमायला वर्ष जातं. टरफलातल्या तेलाने हाताची सालं निघतात, म्हणून राख चोळून बसायचं. अशा दोघींतली एक घरी राहिली, की दुसरी बिनकामाची. तिच्यासमोर तिसरीला बसवून पाहिलं, तर संध्याकाळी टोपलीभर तुकडे.

यावर आमच्या जुन्या शेठनी तोडगा काढला होता. एक आजारी पडली, तर दुसरीलाही रजा. तिने जाऊन पहिलीला पेज करून घालावी, म्हणजे पहिली लवकर उठेल आणि मशीन लवकर सुरू होईल. यात दयेचा भाग किती आणि काजूचा किती, ते शेठना ठाऊक. बायका खिडकीशी येऊन फक्त मशीनचा नंबर सांगत. ‘सावंतानू, नंबर नऊ’ म्हटलं, की मी समजायचो.

पुढे शेठ गेले आणि त्यांच्या मुलांनी कारखाना मुंबईच्या एका कंपनीला विकला. फोडायला विजेची यंत्रं आली, बायका निवडीच्या टेबलावर गेल्या. पायाचं एकच मशीन, नंबर चौदा, रंगवून, पॉलिश करून स्वागतकक्षाच्या बाजूला ठेवलं. परदेशी खरेदीदार आले की त्यावर दोन बायकांना बसवायचं आणि ‘आमचा वारसा’ म्हणून दाखवायचं. वारसा म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ज्या गोष्टीचं काम संपलेलं असतं, तिला पॉलिश केलं की वारसा होतो.

कंपनीने छापील अर्ज आणले. त्यात ‘कारण’ आणि ‘नाते’ असे रकाने होते. कारणाच्या रकान्याने आमची करमणूक झाली. बॉयलरवरच्या एकाने सलग तीन दिवस दांडी मारली आणि कारण लिहिलं, ‘कामावर जाऊ का म्हणून देवाला कौल लावला, देवाने उजवी दिली नाही.’ उजवा कौल म्हणजे होकार. मुंबईहून विचारणा आली, की हा वैद्यकीय प्रकार आहे का. मी उत्तर दिलं, ‘प्रशासकीय.’ ते मान्य झालं.

नात्याच्या रकान्याने मात्र करमणूक केली नाही.

मशीन नंबर चौदावर बसायच्या त्या शालन गावडे आणि कुसुम रासम. शालन गावातलीच. लग्न होऊन दुसऱ्या महिन्यात माहेरी परत आली ती आलीच. कुसुम वैभववाडीकडची. कामासाठी म्हणून इकडे आली, शालनच्या घरी राहायला लागली, आणि तिथेच राहिली. त्याला बावीस वर्षं झाली. दोघींनी एकत्र घराची कौलं बदलली, विहिरीला कठडा बांधला, म्हशी पाळल्या आणि विकल्या. गावाला सगळं माहीत होतं आणि गावाने कधी विचारलं नाही. आमच्याकडे सभ्यपणा म्हणतात तो बहुतेक हाच. तोंडावर विचारायचं नाही, आणि पाठीमागे विचारायची गरज पडत नाही.

नवे अर्ज आल्यावर पहिल्यांदा कुसुमला ताप आला, तेव्हा शालन खिडकीशी आली. ‘नाते’ या शब्दापाशी मी थांबलो. ती माझ्याकडे बघत होती, मी पेनाच्या टोकाकडे. मग मी ‘बहीण’ असं लिहिलं आणि फार मोठं काम केल्यासारखा अर्ज पुढे सरकवला. पुढे प्रत्येक खेपेला मी बहीणच लिहीत गेलो. मनात म्हणायचो, आपण किती समजूतदार!

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी कंपनीला सर्वसमावेशक होण्याची घाई झाली. युरोपातल्या मोठ्या खरेदीदाराने विचारलं होतं म्हणे, की तुमच्याकडे वेगळ्या लैंगिक ओळखीच्या कामगारांना सन्मानाने वागवतात का. काजू किडका आहे का, हे पूर्वी विचारायचे. आता त्यासोबत हेही. प्रश्न चांगलाच होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार उत्तराबद्दल आहे. उत्तर म्हणून मुंबईहून एक खोकं आलं. त्यात सहा रंगांचे पट्टे असलेला झेंडा, तसल्याच पट्ट्यांचे बिल्ले, गळ्यात अडकवायच्या फिती, आणि ‘अभिमानाचा महिना’ असं छापलेले कप. कपांना कान नव्हते, ते वाटेत तुटले होते.

खोक्यापाठोपाठ मुंबईच्या मनुष्यबळ विभागातल्या रिया मॅडम आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, हुशार, मनाने चांगल्या, आणि प्रत्येक गोष्टीची मुदत ठरलेली. खरेदीदारांचं पथक यायला तीन आठवडे होते. त्यांनी मला विचारलं, “सावंतकाका, आपल्याकडे कम्युनिटीमधलं कुणी आहे का?”

“कुठल्या कम्युनिटीतलं? सगळ्या आहेत.”

त्यांनी न चिडता नीट समजावून सांगितलं. मी म्हणालो, “नाही, तसं कुणी नाही.” इतकी वर्षं जे करत आलो, तेच केलं. शिवाय दुसऱ्याची गोष्ट मी का सांगावी? पण खरं सांगायचं तर हे ‘शिवाय’ मला नंतर सुचलं.

मॅडमना मात्र माणूस सापडला. बॉयलरवरचा गजानन, ज्याला देवाने उजवी दिली नव्हती तोच, दशावतारात बायकांची कामं करतो. आमच्या भागात जत्रांच्या हंगामात ही नाटकं होतात आणि त्यांत राणी असो की पतिव्रता, सगळ्या पुरुषच करतात. गजा नऊवारी नेसून, नथ घालून उभा राहिला, की पंचक्रोशीतल्या बायका त्याचं नेसणं बघून घेतात. त्याचा असा एक फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर मॅडमनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं.

“गजाननदादा, तुम्ही किती धाडसी आहात!”

“बॉयलरार रवाचा म्हणजे धाडस व्हयाच,” गजा म्हणाला.

“ते नाही. तुम्ही तुमची खरी ओळख लपवत नाही.”

गजाला संशय आला. “मॅडम, माका बायल आसा. तीन पोरां आसत.”

“असू शकतं. ओळख प्रवाही असते.”

“बॉयलरार प्रवाही काय चलना नाय. एकतर पाणी, नायतर वाफ.”

मॅडमनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांना ते खोल वाटलं असावं. नाटकात सोंग घेणं आणि आयुष्यात तसं असणं यांतला फरक मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, “काका, तुमच्या पिढीला हे जड जातं.” आपल्या पिढीला काय जड जातं, हे दुसऱ्या पिढीकडून ऐकलं की माणूस गप्प बसतो.

आठ फूट बाय सहा फुटांचं फ्लेक्स तयार झालं. मागे सहा रंग, पुढे नथ घातलेला गजा, आणि खाली ‘आम्ही जसे आहोत तसे’. जगात त्या क्षणी गजा जसा नव्हता, तसा तो त्या फ्लेक्सवर होता. फाटकातून आत येताना समोर जी मोठी भिंत आहे, तिच्यावरच्या जुन्या सूचनाफलकावर ते फ्लेक्स ठोकलं. गजाची बायको डबा घेऊन आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण.

“सावंतानू, ती साडी माझी आसा,” ती म्हणाली. “परत गावतली मां?”

पथक यायला आठ दिवस उरले असताना शालन खिडकीशी आली. एरवी ती आली की आधी एखादा टोमणा मारायची. त्या दिवशी मारला नाही.

“कुसुमच्या पिशवेचा ऑपरेशन आसा. कुडाळाक. डागतर म्हणता, पंदरा दीस तरी उठूचा नाय. माका रजा होयी.”

“बघतो.”

“बगूचा नाय, होयीच. तिचो भाव इलो होतो वैभववाडीसून. म्हणता, तू कामार गेल्यार हिका बगतलो कोण? मी घेवन जातंय. आणि सावंतानू, एकदा घेवन गेलो, की तो परत धाडूचो नाय.”

भाऊ वाईट माणूस नव्हता. मी त्याला ओळखत होतो. बावीस वर्षं जे विचारलं नाही, ते विचारायची त्याला आयती सोय मिळत होती, एवढंच. शालन घरी असती, तर त्याच्याकडे बोलायला जागा नव्हती. पंधरा दिवसांच्या रजेवर दोघींचं घर उभं होतं.

छापील अर्ज जाऊन आता ती सगळी भानगड संगणकात आली होती. मी ‘बहीण’ निवडलं. संगणकाने दोघींची आधार कार्डं मागितली. ती टाकली, तर म्हणतो, वडिलांची नावं जुळत नाहीत. अर्ज लाल झाला आणि मॅडमच्या पडद्यावर जाऊन उभा राहिला. त्यांनी मागचे अर्ज काढून पाहिले आणि मला बोलावलं.

“सावंतकाका, या दोघी बहिणी नाहीतच. इतकी वर्षं हे खोटं रेकॉर्ड?”

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. शालन माझ्या मागोमाग आली होती.

“सावंतांका काय म्हणा नको, मॅडम. ती माझी भैण नाय.” तिने खिडकीतून दिसणाऱ्या फ्लेक्सकडे हात केला. “त्या रंगीत कापडार तुमी काय तां लिवलात मां, तां आमी. बावीस वर्सां.”

निवडीच्या टेबलावर दहा हजार गरांत एखादा टपोरा, अख्खा, डाग नसलेला निघाला की बाईचा चेहरा जसा होतो, तसा मॅडमचा झाला.

“किती सुंदर आहे हे, ताई! हे आपण सेलिब्रेट करायला हवं.”

“तां मागीर करा. रजा?”

“रजेच्या यादीत तुमचं नातं नाहीये. पण मी मुंबईला विशेष बाब म्हणून पाठवते. तुम्ही फक्त पथकासमोर पाच मिनिटं तुमची गोष्ट सांगा. त्याचा व्हिडिओ गेला की मंजुरी येईलच.”

“त्या दिसाच तिचा ऑपरेशन आसा.”

“मग सकाळी लवकर करू.”

“आणि व्हिडिओ तिच्या भावान बगल्यान तर?”

“भीती सोडायला हवी ताई. अभिमानाचा अर्थच तो.”

शालनने पदर खोचला. “मॅडम, तुमका झेंडो दाखवूचो आसा. माका तिका पेज करून घालूची आसा. दोन्ही येका टायमाक जावचा नाय.”

ती बाहेर पडली. मी तिच्यामागे. व्हरांड्यात ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “शेठच्या टायमाक बरा होता. नंबर सांगलो की रजा. नातां कोण विचारी?”

टाइमकीपर मी होतो. हे मला आधी आठवायला हवं होतं. पण नवा अर्ज आला की आपण जुना नियम मेला असं धरून चालतो, त्याच्या मरणाचा दाखला कुणी मागत नाही. कंपनीने कारखाना घेतला तेव्हाचं पत्र माझ्या कपाटात होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘पुढील आदेश होईपर्यंत प्रचलित नियम कायम राहतील.’ पुढील आदेश झालाच नव्हता. आणि प्रचलित नियम कुठे होते? सूचनाफलकावर, काचेच्या चौकटीत. म्हणजे फ्लेक्सच्या मागे.

मी गजाला हाक मारली. त्याने शिडी आणली, वरचे खिळे काढले आणि स्वतःचं चित्र स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा राहिला. “बेगीन वाचा,” तो आतून म्हणाला. “मी जड आसंय.”

काचेवर धूळ होती. मी बाहीने पुसली. नियम सातवा: ‘एका मशीनवरील दोघींपैकी एक आजारी पडल्यास दुसरीस तिच्या शुश्रूषेकरिता, ती उठेपर्यंत रजा द्यावी. नाते विचारू नये.’ शेवटचं वाक्य शेठनी माझ्या आधीच्या टाइमकीपरसाठी घातलं होतं, तो फार चौकशा करायचा. शेठना सर्वसमावेशकता हा शब्द उच्चारताही आला नसता.

मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी नियम वाचला, मग माझ्या हातातलं पत्र वाचलं, मग पुन्हा नियम वाचला.

“पण पायाची मशीन्स तर बंद झाली ना?”

“तेरा बंद झाली,” मी म्हणालो. “चौदावं तुम्ही पथकाला दाखवता. त्यावर याच दोघी बसतात.”

त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरलं हे दिसलं. “मुंबईला मी काय सांगू?”

“सांगा, स्थानिक वारसा.”

संगणकावर आम्ही ‘इतर’ निवडलं. तपशील लिहिल्याशिवाय तो पुढे जाईना. मी लिहिलं, ‘मशीन नंबर चौदा’. मंजुरीचं बटण मॅडमनी स्वतः दाबलं. मुंबईला न विचारता दाबलं, हे त्यांच्या नावावर मी कायम जमा धरतो.

शालनला मी वाचून दाखवलं. मला शाबासकीची अपेक्षा होती, ती लपवत नाही.

“बरां केलात,” ती म्हणाली. मग निघता निघता, “भैण ऐकून माका दर खेपेक कसांतरीच होय, सावंतानू. पण तुमी उपकार करी होतात. म्हणान वगी रवलंय, बोलूक नाय.”

एकतीस वर्षांत माझ्या कामावर कुणी केलेली ही सगळ्यात नेमकी टीका.

उरला प्रश्न पथकासमोर कोण बोलणार याचा. मॅडम अजून घुटमळत होत्या. गजाने फ्लेक्स पुन्हा ठोकता ठोकता तो सोडवला. “माझोच फोटो रवांदे. लोकांनी माझ्याकडे बगलेला माका सवयीचा आसा. त्या दोगींका वगी रवांदेत.”

“पण गजाननदादा, तुम्ही तर म्हणालात तुम्ही तसे नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मी राणी तरी खंय आसंय? तरी दर वर्सा करतंय मां?”

पथक आलं त्या सकाळी शालन कुडाळच्या दवाखान्यात बाकावर बसली होती. कुसुमचा भाऊ येऊन गेला. शालन रजेवर आहे म्हटल्यावर त्याने संत्री ठेवली, थोडा वेळ बसला आणि वैभववाडीची गाडी पकडली. इकडे गजा बायकोची साडी नेसून माइकसमोर उभा होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचायचे असतात. त्याने वनवासातल्या एका राणीचं दुःख वीस मिनिटं असं काही मांडलं, की दुभाषी मुलगी चौथ्या मिनिटाला थांबली आणि रडू लागली. खरेदीदार उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना काय समजलं, देव जाणे. मशीन नंबर चौदावर त्या दिवशी कुणी बसलं नव्हतं. ‘कारागीर रजेवर आहेत’ अशी पाटी मी स्वतः लिहून लावली होती. एका गोऱ्या बाईने तिचाही फोटो काढला.

या समारंभानंतर कंपनीला पुरस्कार मिळाला. पुरस्कारासाठी कागदपत्रं गोळा करताना मुंबईच्या कुणाच्या तरी नजरेला सातवा नियम पडला आणि तो ‘आधुनिक धोरणाशी विसंगत’ म्हणून रद्द झाला. त्याऐवजी संगणकातल्या यादीत ‘जोडीदार’ असा नवा पर्याय आला, शेजारी छोटंसं सहा रंगांचं चिन्ह. तो निवडला, की संगणक लग्नाचा दाखला मागतो. रिया मॅडम तोवर दुसऱ्या कंपनीत गेल्या होत्या. जाताना त्यांनी याविरुद्ध एक लांब पत्र लिहिलं. त्याची पोच आली.

मी निवृत्त झालो. कुसुम बरी झाली, पण टेबलावर आठ तास बसणं तिला जमेना. वर्षभराने शालननेही काम सोडलं. दोघी आता घरीच कोकमाचं आगळ आणि आंबोशी करून बाजारात देतात.

गेल्या पावसाच्या तोंडावर मी त्यांच्याकडे गेलो होतो. कुसुमने चहा आणला, शालनने राहिलेले सगळे टोमणे एकदम मारले. मागच्या अंगणात लाकडांची रास रचलेली होती आणि तिच्यावर सहा रंगांचं काहीतरी ताणून, कडेला दगड ठेवून बांधलं होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर उलटा गजा, नथीसकट.

“कंपनीन भायर टाकलला,” कुसुम म्हणाली. “गजान हाडून दिल्यान. सगळ्या पावसात एक थेंब आत येना नाय.”